दप्तर आणि डफ

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगावी पायपीट करून त्यांनी मिळवलेले मोडी कागद जतन व्हावेत म्हणून पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यामुळे शिंदखेडा, दोंडाईचा, अमळनेर या बाजूच्या शिकल्यासवरल्या घरांत इतिहास म्हटला की कागद, ही समजूत पक्की रुजली आहे. बखरीवर विसंबू नये, ऐकीव कथेवर तर मुळीच नये. अस्सल पत्र पाहावे, त्याची तारीख ताडावी आणि मग बोलावे, ही राजवाड्यांची शिस्त. ती शिस्त मोलाची आहे आणि ती सोडावी असे येथे सुचवायचे नाही. परंतु ज्यांच्या घरात पत्र लिहिणारा कोणी नव्हता, ज्यांच्या पूर्वजांना अक्षराजवळ फिरकू दिले गेले नाही, त्यांचा इतिहास कोणत्या रुमालात बांधलेला सापडणार?

हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही पडला. तेथे गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवू नये असे कायदे दक्षिणेतील अनेक राज्यांनी केले होते. म्हणून त्या लढ्याचे अभ्यासक दोन प्रकारची साधने शेजारी शेजारी ठेवतात. एका बाजूस न्यायालयाचे निवाडे, पत्रके, तुरुंगातून लिहिलेली पत्रे. दुसऱ्या बाजूस गाणी. आपल्याकडील दलित मुक्तीच्या लढ्याकडे, आणि तोही आपल्या खानदेशातून, याच पद्धतीने पाहिले तर काय दिसते, एवढाच या लेखाचा विषय.

खानदेश आणि अमेरिका यांची पहिली गाठ कापसाने घातली. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस गुलामांच्या हातांनी वेचला जाई. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव आकाशाला भिडले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशीचा पेरा वाढला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले. त्या युद्धाने तिकडे गुलामांच्या बेड्या तुटल्या. इकडे त्याची खरी किंमत ओळखली ती कापसाच्या व्यापाऱ्यांनी नव्हे, तर पुण्याच्या जोतीराव फुले यांनी. १८७३ साली प्रसिद्ध झालेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका म्हणजे या दोन लढ्यांना जोडणारा आपल्याकडील एक आरंभीचा कागदच होय. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंच्या वतीने सादर झालेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांच्या वतीने असाच अर्ज करण्याचे त्यांच्या मनात होते. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले.

परंतु मला अधिक बोलका वाटतो तो एक दुसरा कागद. तो आपल्या दाराशी घडलेल्या घटनेचा आहे.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी होते. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सभासद होते आणि खानदेशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९२९ मध्ये ते काम आटोपून मुंबईकडे निघाले असता चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. बाबासाहेब त्या गावी जाऊन परतले तेव्हा मंडळी हार घेऊन स्टेशनवर उभी होती. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, पायी जाण्याजोगा. स्टेशनबाहेर टांगे उभे. तरीही कोणी निघेना. तासाभराने एक टांगा आला आणि बाबासाहेब त्यात बसले. थोडे अंतर जाताच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

मागाहून त्यांना खुलासा झाला. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे हे स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. इकडे महारवाड्यातील मंडळींना आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे पटेना. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा त्यांच्यातलाच एक जण लगाम धरून बसला. बॅरिस्टर, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला, कायदेमंडळाचा सभासद आणि सरकारी समितीवर नेमलेला हा माणूस. पण साधा टांगेवालाही स्वतःला त्याच्यापेक्षा वरचा समजत होता. हे सारे बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवले. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पुस्तिकारूपाने ते १९९० साली प्रसिद्ध झाले. आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते वाचायला लावतात. चाळीसगावातील किती शाळांत ते वाचले जाते, हा प्रश्न मी शिक्षकांवर सोपवतो.

या टांग्याशेजारी आता अमेरिकेतील एक बस उभी करून पाहू. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी आसन सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके छापली. येत्या सोमवारी कोणीही बसने जाऊ नये, एवढीच त्यातली मागणी. पत्रकावर रॉबिन्सनबाईंचे नाव नाही, कारण त्या सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजात शिकवत होत्या. रोझा पार्क्स यांचेही नाव नाही. ‘आणखी एका’ निग्रो स्त्रीला अटक झाली, असा पत्रकाचा सूर आहे. राजवाड्यांच्या शिस्तीत वाढलेला वाचक ‘आणखी’ या शब्दापाशी थांबेल. याआधी कोण? शोधू गेल्यास त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अटक झालेली क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची मुलगी सापडते. पुढाऱ्यांनी तिला लढ्याचा चेहरा केले नाही. पण ज्या खटल्यात बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरला, त्या खटल्यातील फिर्यादींत ती होती. एका शब्दाने एवढा इतिहास उघडतो. म्हणून मूळ कागद स्वतः वाचावा. त्याचा सारांश वाचून भागत नाही.

तो बसबहिष्कार ३८१ दिवस चालला आणि डिसेंबर १९५६ मध्ये यशस्वी झाला. येथे बहिष्कार हा शब्द नीट तपासावा लागतो. खानदेशातल्या ज्या गावी बाबासाहेब गेले, तेथे बहिष्कार हे गावाचे हत्यार होते आणि ते दुबळ्यांवर चालत होते. स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात याचे स्वच्छ वर्णन आहे: अस्पृश्याने सार्वजनिक विहिरीचा वा शाळेचा हक्क बजावला की त्याची कसायला घेतलेली जमीन काढून घ्यावी, मजुरी थांबवावी, रस्ता बंद करावा, वाण्याने मीठमिरचीही विकू नये. माँटगोमेरीत तेच हत्यार दुबळ्यांच्या हाती आले. असे का घडले? त्या शहरात बसने जाणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण उतारू कृष्णवर्णीय होते. त्यांच्या भाड्यावरच बस चालत असे. खेड्यातल्या महाराचे गावावाचून चालत नव्हते आणि गावाला त्याची गरज असूनही ती कबूल करायची नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, ते या अनुभवातून.

कागदावर हक्क मिळणे आणि पायाखाली रस्ता मिळणे यांत किती अंतर असते, हेही दोन्हीकडचे दप्तर सांगते. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव १९२३ साली संमत केला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निवाडा यायला १९३७ साल उजाडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद १९५४ साली बेकायदा ठरवला. नऊ वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पोलिसांची कुत्री सोडली गेली.

एवढे कागदाचे. पण कागद एका ठिकाणी अडतो. माँटगोमेरीतील माणसे वर्षभर पायी चालली, हे पोलिसांच्या नोंदींतून आणि वर्तमानपत्रांतून कळते. ती का चालली आणि तिसाव्या दिवशी घरी का बसली नाहीत, हे कळत नाही. त्यासाठी होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भरलेल्या सभेत जावे लागते. ती सभा भाषणाने नव्हे, तर जुन्या स्तोत्रगीतांनी सुरू झाली.

मिसिसिपी राज्यातील फॅनी लू हेमर या बाईंचे उदाहरण घ्या. वीस भावंडांत धाकट्या, सहाव्या वर्षापासून कापूसवेचणीला जुंपलेल्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या काही सोबत्यांसह मतदार म्हणून नाव नोंदवायला तालुक्याच्या गावी गेल्या. परतताना पोलिसांनी त्यांची बस अडवली आणि बसचा रंग शाळेच्या बससारखा आहे अशी सबब काढून चालकाला पकडले. आत बसलेली माणसे भेदरली. तेव्हा मागच्या बाजूने हेमरबाईंनी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात तसली गाणी म्हणायला सुरुवात केली. त्याच रात्री मळ्याच्या मालकाने त्यांना घर सोडायला लावले. स्टार्ट समितीने खानदेशाबद्दल लिहिले होते तेच हजारो मैलांवर, पुन्हा कपाशीच्याच शेतात घडले. १९६४ साली पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष छापील उपलब्ध आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. पण बसमधले धैर्य साक्षीत मावत नाही.

१९६१ साली मिसिसिपीतील पार्चमन तुरुंगात टाकलेले तरुण सत्याग्रही गाणी थांबवीनात, म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांच्या गाद्या काढून नेल्या. गाद्या गेल्या, गाणी चालू राहिली. गाण्याची धास्ती कोणाला वाटत होती, याचा याहून चांगला पुरावा नको.

गाण्याला पुरावा मानताना मात्र सावधपणही हवे. ‘वुई शॅल ओव्हरकम’ या गीताचे उदाहरण बोधक आहे. त्याचे मूळ चर्चमधील जुन्या गीतात आहे. १९४५-४६ साली दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यात मोठ्या संख्येने असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी हे गीत संपाच्या जागी म्हटले आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आणले. तेथून ते टेनेसीतील हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत पोहोचले आणि १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या चळवळीत. आपल्या मुलांना ते गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपांतरामुळे ठाऊक आहे. शाळेच्या प्रार्थनेत ते इतक्या गोडीने म्हटले जाते की त्यामागे विड्या-सिगार वळणाऱ्या बायांची उपासमार आहे, याची दादही नसते. गाणे प्रवास करते तेव्हा वाटेत आपले गाव विसरते. म्हणून त्याच्याजवळ कागद ठेवावा लागतो.

आपल्याकडील डफाची हकीकत अशीच आहे. महाड आणि नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची बातमी ज्यांना ‘जनता’ पत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत कोणी नेली? जलसाकारांनी. सत्यशोधक जलशांची वाट आधीच मळलेली होती. तिच्यावरून १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे इतर निघाले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण त्यातला चावटपणा टाकला. गणात देवाऐवजी मुक्तिदात्याला वंदन आले, आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, दारू, पाणवठा व शाळा आली. दिवसभर मजुरी करून थकलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात बसत आणि आपल्याच गावचा अन्याय आपल्यासमोर उभा राहिलेला पाहत. स्वतः बाबासाहेब जलशाला आपल्या सभांहून अधिक परिणामकारक मानत, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्या पिढीत सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली आणि खेडोपाडी जाऊन गायली.

हे नवल आपल्या वाचकांना अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले ते लोकांनी ऐकावे, गावे म्हणून. खानदेशाला तर हे मुद्दाम सांगायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. चिरंजीव सोपानदेव आणि आप्त यांनी गाणी उतरवून घेतली नसती तर १९५२ चे ते पुस्तक निघालेच नसते. आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर सांगितलेली प्रवचने आपल्या हाती आली ती साने गुरुजींच्या झरझर चाललेल्या लेखणीमुळे. बोललेले आणि गायलेले शब्द कागदावर येतात ते कोणीतरी जवळ बसून, ऐकून, उतरवून घेतो म्हणून. जलशांच्या वाट्याला असे साने गुरुजी फार थोडे आले.

तुरुंगाचा उल्लेख आला म्हणून एका पत्राकडे वळतो. ते आपल्याला, म्हणजे चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्यांना, अधिक झोंबणारे आहे. १९६३ साली शुभ शुक्रवारी, १२ एप्रिल रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांना बर्मिंगहॅममध्ये अटक झाली. त्याच दिवसाची तारीख असलेले एक निवेदन तेथील आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी काढले होते: निदर्शने अकाली व अविचारी आहेत, न्यायालयात जावे, धीर धरावा. पुनरुत्थानाचा रविवार किंग यांनी कोठडीत काढला. वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत, मग मिळतील त्या चिठोऱ्यांवर त्यांनी या आठ जणांना उत्तर लिहिले आणि वकिलांनी ते बाहेर नेले. १६ एप्रिलच्या तारखेचे ते पत्र आज जगभर वाचले जाते. ज्यांना ते लिहिले त्या आठांमध्ये जोसेफ ड्युरिक हे कॅथलिक सहायक बिशप होते. ते दुष्ट मुळीच नव्हते; त्यांना शांतता हवी होती. पुढे नॅशव्हिलचे बिशप झाल्यावर त्यांनी वर्णभेदाविरुद्ध इतक्या ठामपणे भूमिका घेतली की त्यांचेच लोक दुखावले. पण १२ एप्रिलच्या कागदावर त्यांची सही आहे आणि ती राहणार.

याउलट वॉशिंग्टनचे आर्चबिशप पॅट्रिक ओबॉयल यांनी आपल्या कॅथलिक शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याच्याही आधी सर्व वर्णांना खुल्या केल्या होत्या. तरी २८ ऑगस्ट १९६३ च्या मोर्चात तेवीस वर्षांच्या जॉन लुइस यांचे भाषण फार तिखट आहे म्हणून त्यांनीच हरकत घेतली आणि मजकूर बदलावा लागला. भाषणाचे दोन्ही खर्डे उपलब्ध आहेत. शेजारी ठेवून वाचले की कोणत्या शब्दाला कोण घाबरले ते दिसते. दोन वर्षांनी सेल्मामध्ये धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपापल्या झग्यांसह कृष्णवर्णीयांबरोबर चालल्या, आणि त्या भागाच्या आर्चबिशपांना ते रुचले नाही. ख्रिस्तसभा एकाच वेळी दोन्ही बाजूंस उभी होती.

आपल्या देशात दलित ख्रिस्ती माणसाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात घेतले गेले. या अन्यायाविरुद्ध आपण मोर्चे काढतो आणि ते योग्यच आहे. पण भारतातील कॅथलिक बिशपांच्या मंडळाने २०१६ साली दलित सबलीकरणाचे जे धोरण जाहीर केले, त्यात चर्चच्या आतला जातिभेदही मान्य केला आहे. सरकारविरुद्धचा अर्ज आपण मोठ्याने वाचतो आणि हा कागद हळू आवाजात वाचतो, असे मला दिसते. धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या आपल्या घरचे दप्तर आहे. शंभर वर्षांत कोणाचे लग्न कोणाशी लागले आणि कोणाला कोठे पुरले, हे त्यात आहे. राजवाडे असते तर त्यांनी त्या आधी मागितल्या असत्या.

अमेरिकेत हे दोन्ही धागे एका बाईंनी हाती धरले. बर्निस जॉन्सन रेगन या जॉर्जियातील धर्मोपदेशकाच्या मुलीने १९६१ साली ऑल्बनीच्या तुरुंगात गाणे म्हटले, पुढच्या वर्षी ‘फ्रीडम सिंगर्स’ या गायकवृंदात ती देशभर फिरली, आणि नंतर इतिहासाची डॉक्टरेट घेऊन स्मिथसोनियन संस्थेत त्याच गाण्यांची जपणूक केली. २०२४ साली त्या वारल्या. आपल्याकडे भीमराव कर्डकांनी स्वतःच ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून १९७८ साली प्रसिद्ध केले, म्हणून निदान नाशिकच्या जलशांची माहिती राहिली.

१९३७ साली डॉ. आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या डोंगरावरील बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे यात्रा भरते. शिंदखेडा, साक्री, शिरपूरकडून माणसे येतात, भीमगीते होतात. त्या दिवशी एखाद्याने वही घेऊन जावे. गाणाऱ्या म्हाताऱ्याचे गाव विचारावे, गाणे कोणाकडून शिकला ते विचारावे, साल आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता, सरकी काय भावाने गेली ते विचारावे. साल त्यावरून निघते.